एफ मेजर गैरहजर

सरांच्या दाराला नावाची पाटी नव्हती. एक पुठ्ठा होता आणि त्यावर स्केचपेनने लिहिलं होतं, 'गिटार. फक्त कॉर्ड. गाणी मिळणार नाहीत.' चक्कीवाला 'आज बाजरी दळली जाणार नाही' असं लिहितो, त्याच सुरात.

दिंडोशीच्या कॉलनीतली ती तळमजल्याची खोली. मी बेल वाजवली तेव्हा माझ्या खांद्यावर मुलीची गिटार होती. मुलगी शिकायला बंगळूरला गेली आणि गिटार आमच्या कपाटावर राहिली. बायको म्हणाली, "एक तर कोणाला तरी देऊन टाक, नाहीतर वाजव. दर दिवाळीला हिची धूळ मी पुसणार नाही." मी पंचेचाळिशीचा, अंधेरीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघणारा माणूस. देऊन टाकायला जीव होईना, म्हणून वाजवायला निघालो.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका उंच गृहस्थांनी. पांढरा फुल शर्ट, काळी पँट, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. घरात अशा कपड्यात बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी मला आत घेतलं नाही. नुसतं म्हणाले, "नखं."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी चष्मा वर करून डावा हात तपासला. दाराच्या कडीला दोऱ्याने नेलकटर बांधलेलं होतं, ते माझ्या हातात दिलं. मी पायपुसण्यावर उभा राहून नखं कापली.

"डाव्या हाताचीच काप. उजव्याची तुझी तू बघ," ते म्हणाले आणि आत गेले.

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "आणि पडलेली नखा भायर टाक रे बाबा. मागचो एक इलो तो तशीच ठेवन गेलो." या काकू. मालवणकडच्या. त्यांचं आणि माझं पहिलं बोलणं ते एवढंच.

मी सोफ्यावर बसलो. सरांनी विचारलं, "काय पाहिजे?" मी म्हटलं, एखादं गाणं वाजवता आलं तरी बास. सरांनी बाहेरच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"वाचता येतं ना? गाणी गाणाऱ्यांची असतात. आपण खालची जमीन. लोक जमिनीवर नाचतात. जमिनीने स्वतः नाचायचं नसतं."

"साधारण किती दिवस लागतील?"

"तारीख सांगता येणार नाही."

हे उत्तर त्यांच्या तोंडून इतकं सहज का आलं ते मला नंतर कळलं. सर आयुष्यभर कोर्टात बेंच क्लार्क होते. न्यायाधीशांच्या समोर खाली बसायचं, कागद वर द्यायचे, प्रकरणं पुकारायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पुकारायची सवय गेली नव्हती. कॉर्ड म्हणजे डाव्या हाताची बोटं ठरावीक जागी दाबून उजव्या हाताने सगळ्या तारा एकदम छेडायच्या. सर सोफ्यावर ताठ बसत, मान वर करत आणि व्हरांड्याच्या टोकाला बसलेल्या पक्षकारालाही ऐकू जाईल अशा आवाजात पुकारत, "ई मायनर."

मग थांबत. तेवढ्यात माझी बोटं जागेवर पोचायला हवीत. पोचली आणि तारा नीट वाजल्या तर म्हणत, "हजर." चाचपडत राहिली तर वाट न बघता, "गैरहजर. पुढचा. सी मेजर."

कधी कधी पहिल्या मजल्यावरच्या आजी कपडे वाळत घालताना वरून ओरडत, "हजर." सर त्यांना काही बोलत नसत. फक्त मला सांगत, "नोंद घेऊ नकोस. त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही."

शिकवण्याची त्यांची पद्धत अशी की गिटार आम्हा दोघांच्या मांडीवर आडवी. मी त्यांच्या डाव्या बाजूला. तारा दाबायच्या मी आणि छेडायच्या त्यांनी. "तू धर, मी मारतो." माझी बोटं चुकीच्या तारेवर असली तर त्यांना बघावंही लागत नसे. छेडलं की तोंड वाकडं होई. मला वाटायचं, नवशिक्यावर दोन्ही हातांचं ओझं एकदम नको म्हणून ही सोय असेल. चांगली पद्धत आहे असं मी ऑफिसात दोघातिघांना सांगितलंसुद्धा.

गिटार जुळवायची त्यांची रीतही वेगळी. हल्ली सगळे मोबाइलवर जुळवतात. सर बिल्डिंगच्या पाण्याच्या पंपावर जुळवत. संध्याकाळी पंप सुरू झाला की खोलीच्या मागून घूं असा आवाज येई आणि सर हात वर करून सगळ्यांना गप्प करत. "पंप जीमध्ये आहे," ते सांगत. "तिसरी तार त्याला लाव. बाकीच्या तिच्यावरून." मी घरी येऊन मोबाइलवर तपासलं तेव्हा पंप खरंच जीच्या अगदी जवळ निघाला.

पुढे सोसायटीने नवीन पंप बसवला. महागाचा, बिनआवाजाचा. सरांनी तक्रार केली. सेक्रेटरी स्वतः खोलीवर आले. मी तेव्हा तिथेच होतो.

"काका, तक्रार नक्की काय आहे? आवाज येतोय?"

"येत नाही."

"मग?"

"तीच तक्रार आहे."

सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले. मी गिटारकडे बघायला लागलो. काकूंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमी जावा. ह्येंका पाणी येता की नाय ह्येच्याशी काय देणाघेणा नाय." त्यानंतर सरांनी मोबाइलवर जुळवायला परवानगी दिली, पण मोबाइल उलटा ठेवायचा, म्हणजे तो त्यांना दिसता कामा नये.

काकूंचा आणि गिटारचा संबंध लग्नापासूनचा. स्थळ सांगताना 'मुलगो कोर्टात आसा' एवढंच सांगितलं होतं. गिटारची गोष्ट लग्नानंतर खोलीवर आल्यावर कळली. सरांचे वडील गिरणीत होते, आणि तेव्हा हे लोक लालबागला राहायचे. चाळीतल्या पोरांचा एक ऑर्केस्ट्रा होता. गणपती, हळदी, पूजा, कुठेही जायचे. सर त्यात मागच्या रांगेत ऱ्हिदम गिटार वाजवायचे. त्या ऑर्केस्ट्राचा एक फोटो भिंतीवर होता. पुढे गायक, बाजूला ढोलकीवाला, आणि कडेला चौकटीत कसंबसं शिरलेलं एक कोपर. सर त्या कोपरावर बोट ठेवून सांगत, "हा मी." त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. उलट म्हणत, "माझा हात चुकला असता तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं. चुकला नाही म्हणून कोणी बघितलं नाही."

काकू मला खाजा द्यायच्या. तो खायचा उजव्या हाताने, कारण डाव्या हाताला गूळ लागला तर तारा चिकट होतात. "उजव्या हातान खा रे," त्या ताटली पुढे करत म्हणायच्या. "डावो हात ह्येंचो."

साध्या कॉर्ड आल्यावर त्या एकापाठोपाठ एक लावायची वेळ आली. नवशिक्यांना सगळीकडे शिकवतात तीच माळ, सी, ए मायनर, एफ, जी, आणि परत सी. सर ती अशी समजावत:

"सी म्हणजे घरात सगळं ठीक. ए मायनर, काहीतरी बिनसलं. काय ते कोणी बोलत नाही. एफ, आवाज चढला. जी, बाई बॅग भरून दारात उभी. आता इथे थांबशील का? नाही थांबायचं. बाई दारात उभी आहे. सीवर ये. तिला आत घे."

काकू आतून म्हणाल्या, "आणि बॅग कोण उचलता ता पण सांगा."

"सुनावणी चालू आहे," सर म्हणाले.

तर या चौघींत तिसरी एफ. ती माझ्याने होईना. पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या तिघांनी वर आपापली कामं करायची. माझं पहिलं बोट मधे वाकायचं आणि तारांमधून गोणपाट आपटल्यासारखा आवाज यायचा. माझ्या बोटावर एक आडवी लाल रेघ कायमची बसली. ऑफिसात शेजारच्या टेबलवरची बाई म्हणाली, "पोळीचा तवा लागला का?" मी हो म्हटलं. एफ मेजर समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

सर रोज पुकारायचे. "एफ मेजर." थप्. "गैरहजर." दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, तुम्ही एकदा धरून दाखवा ना."

"दाखवून येत नाही," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, माझा आळशीपणा आवडला नाही.

मग एका संध्याकाळी त्यांना फोन आला. लालबागच्या ऑर्केस्ट्राचे गायक आता मुलुंडला राहत होते. त्यांची पंचाहत्तरी होती. मुलांनी एका शाळेचा हॉल घेतला होता आणि जुने जे कोणी हाती लागतील त्यांना गोळा करायचं ठरलं होतं. फोन स्पीकरवर होता, कारण गायकांना कमी ऐकू यायचं आणि ते त्यामुळे ओरडून बोलायचे.

"येशील ना रे? एकच गाणं. आपलं ते शेवटचं. तू नसलास तर मी गात नाही."

सर म्हणाले, "हजर."

फोन ठेवला. मग म्हणाले, "ती गिटार इकडे दे."

इतक्या महिन्यांत त्यांनी कधी गिटार एकट्याच्या मांडीवर घेतली नव्हती. घेतली आणि डावा हात दांड्यावर ठेवला. एरवी तो माझ्या पाठीमागे, सोफ्याच्या पाठीवर असे. आता माझ्या लक्षात आलं. त्यांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडे वळलेली होती आणि ती उघडत नव्हती. सर उजव्या हाताने ती सरळ करत होते, पण सोडली की परत मिटत होती. एखाद्या मुलाला समजावावं तसं ते त्या बोटांशी वागत होते. रागावत नव्हते, पुन्हा पुन्हा तेच करत होते.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चार वर्सा झाली. कोणाक सांगूक नाय. डॉक्टर म्हणता बारीकसा ऑपरेशन आसा. तर ह्ये म्हणतत, बघूया."

"कोर्टात बसून मी बिघडलेली ऑपरेशनंच ऐकलीत," सर म्हणाले.

"चांगली झालेली कित्याक येतीत कोर्टात?" काकू म्हणाल्या.

मला त्या वेळी 'तू धर, मी मारतो' या पद्धतीचा अर्थ लागला. चार वर्षं शिकाऊ लोक यायचे, बोटं आणून त्यांच्या शेजारी बसायचे, आणि त्यांच्या जोरावर हा माणूस रोज संध्याकाळी गिटार वाजवत होता. आम्ही कोणी नीट धरायला शिकलो की आपल्या वाटेने निघून जायचो. तरीच ते नवीन माणूस आला की खूश व्हायचे आणि जुन्याने 'आता मला जमतं' म्हटलं की गप्प.

मी म्हटलं, "सर, त्यांना फोन करून सांगू या ना. हात दुखतोय म्हणून."

"ढोलकीवाला गेला. दुसरा गिटारवाला पोराकडे कॅनडात. मागच्या रांगेतला मी एकटा उरलोय. आता मागे कोणी नाही म्हणून सांगू त्याला?"

मग त्यांनी एक योजना काढली. तशी योजना आयुष्यभर कोर्टात बसलेल्या माणसाने काढावी याचं मला अजून नवल वाटतं. रंगमंचाच्या मागे पडदा असतो. मी पडद्यामागे बसून वाजवायचं. सरांनी पडद्यापुढे गिटार घेऊन नुसता उजवा हात हलवायचा. डावा हात दांड्यावर ठेवून द्यायचा, लांबून कोणाला काय दिसतंय. गाणं साधं होतं. जीमधून सुरू होणारं, चारच कॉर्ड, आणि मी पहिल्यांदा काय बघितलं असेल तर हे, की त्यात एफ नव्हती. मी लगेच हो म्हटलं.

आम्ही तालीम सुरू केली. मधल्या दाराला काकूंची जुनी साडी बांधली. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून वाजवायचो, सर बाहेर हात हलवायचे. मी थोडा मागे पडलो की ते पुढे जात. त्यामुळे माझी गिटार वाजायच्या आधी त्यांचा हात खाली गेलेला असे. काकू भाकऱ्या थापत मधे बसलेल्या. त्यांना दोन्हीकडचं दिसायचं.

"ही चोरी आसा," त्या एकदा म्हणाल्या. "आणि ती पण नीट जमना नाय."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आम्ही रिक्षाने मुलुंडला पोचलो. सरांचा शर्ट कडक इस्त्रीचा. माझ्या खांद्यावर माझी गिटार, त्यांच्या हातात त्यांची. काकूंनी ठेवणीतलं लुगडं काढलं होतं आणि त्या आमच्याशी फारसं बोलत नव्हत्या. हॉलमध्ये शिरलो. समोर रंगमंच, आणि रंगमंचाच्या मागे भिंत. भिंतीवर गायकांचा फोटो छापलेला मोठा फ्लेक्स खिळ्यांनी ठोकलेला. पडदा नव्हताच. शाळेच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, धुवायला दिलाय.

सर फ्लेक्सकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, "आता?"

"आता काय. दोन खुर्च्या माग."

"दोन?"

"घरी बसतो तसं बसू. बघतील ते बघू देत."

त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता. काकूंनी ऐकलं आणि त्या पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. जाताना सरांची कॉलर सारखी केली.

तेवढ्यात गायक आले. गळ्यात हार, कानात मशीन. सरांना मिठी मारली, मला ते सरांचा मुलगाच समजले आणि कानाशी येऊन ओरडले, "अरे, आता ते वरचं लागत नाही. पट्टी खाली घेतलीय. पांढरी चारमधून गाणार." आणि पुढे गेले.

पांढरी चार म्हणजे पेटीवरचा चौथा पांढरा स्वर. गिटारवाल्यांच्या भाषेत एफ.

एफमधून गायचं म्हणजे एफ होतीच, वर तिच्यासारखी आणखी एक आडव्या बोटाची कॉर्ड होती. मी खिशातून एक वस्तू काढली. कॅपो. तारांवर लावायचा चिमटा असतो. तो लावला की आपण सोप्या कॉर्ड धरायच्या आणि आवाज वरच्या पट्टीतला निघतो. मी तो सरांच्या नकळत घेऊन ठेवला होता.

सरांनी चिमटा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "हे माझ्याकडे चालत नाही. हा वकील आहे. पक्षकाराने स्वतः उभं राहायचं सोडून याला पुढे करायचं."

रंगमंचावरून सरांचं नाव पुकारलं. आयुष्यभर दुसऱ्यांना पुकारणाऱ्या माणसाने स्वतःचं नाव ऐकलं आणि चिमटा माझ्या हातात परत दिला.

"लाव," ते म्हणाले. "पाचव्या घरात. सीपासून धर. सी, ए मायनर, एफ, जी."

"एफ?"

"वकील लावला तरी एक साक्ष स्वतःच द्यावी लागते."

आम्ही दोन खुर्च्या चिकटवून बसलो, गिटार दोघांच्या मांडीवर. हॉलमध्ये कुजबुज झाली. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "गिटार एकच मिळाली वाटतं." सरांनी पायाने ताल दिला आणि उजवा हात तारांवरून उतरवला. इतके महिने मी तो हात ऐकत होतो, पण बंद खोलीत. त्या हॉलमध्ये तो हात ऐकल्यावर मागच्या रांगेतल्या माणसावर लोक का विसंबून राहत असतील ते कळलं. गायकांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

माझी बोटं घाबरली की कॉर्ड विसरतात. सरांना ते माहीत होतं. ते हळूच पुढची कॉर्ड सांगत होते. आमच्यासमोर माइक होता हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. त्यामुळे गाण्याच्या मागून हॉलभर "ए मायनर… एफ…" असं ऐकू येत होतं. पहिली एफ थप् वाजली. दुसरी थोडी बरी. सरांनी तिसरीला हात जरा हलका केला, म्हणजे माझी चूक कमी ऐकू यावी.

पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या तोंडाशी गायक थांबले. श्वास घ्यायला थांबले असं मला वाटलं. पण ते शब्द विसरले होते. त्यांनी डोळे उघडले, समोर बघितलं, हातातल्या रुमालाकडे बघितलं. मुलगा खालून काहीतरी सांगत होता, पण ते कानाच्या मशीनमधून पोचत नव्हतं. एवढ्या लोकांपुढे, स्वतःच्याच फोटोखाली, पंचाहत्तर वर्षांचा माणूस उभा होता आणि त्याला पुढचं आठवत नव्हतं.

मी थांबायला लागलो. सर पुटपुटले, "हात काढू नकोस."

आम्ही फिरत राहिलो. सी, ए मायनर, एफ, जी, परत सी. गायक आले नाहीत. पुन्हा सी, ए मायनर. सरांचा हात जराही घाईत नव्हता, जणू गाणं असंच बसवलेलं होतं आणि इथे असंच थांबायचं असतं. लोकांनी टाळीने ताल धरला. माझ्या अंगठ्यात कळ यायला लागली. घाम कानामागून शर्टात उतरत होता. किती फेऱ्या झाल्या देव जाणे. कुठल्या तरी एका फेरीत एफ आली आणि माझं पहिलं बोट, मला न विचारता, सरळ आडवं पडलं. तारा लख्ख वाजल्या.

सरांना राहवलं नाही. मान वर करून, कोर्टातल्या आवाजात, माइकमध्ये ते म्हणाले, "हजर."

हॉल हसला. तो आवाज इतका मोठा होता की गायकांच्या कानातसुद्धा गेला. ते वळले, आम्हाला असं एका गिटारीत अडकलेलं बघितलं, सरांचा मिटलेला हात बघितला, आणि त्यांनाही हसू फुटलं. हसता हसता त्यांच्या तोंडून दुसऱ्या कडव्याची ओळ आली. ते स्वतःच दचकले. मग तिला धरून शेवटपर्यंत गेले.

गाणं संपल्यावर त्यांनी शाल मागवली. शाल एकच होती. त्यांनी ती आम्हा दोघांच्या खांद्यांवर मिळून घातली आणि आम्ही तशाच शालीत, एकमेकांच्या पायात अडखळत, पायऱ्या उतरलो. गायकांनी सरांचा डावा हात हातात घेतला आणि ओरडून विचारलं, "हे कधीपासून?" सर म्हणाले, "झाली थोडी वर्षं." गायक म्हणाले, "आणि मला वाटायचं, मीच एकटा म्हातारा झालो." नंतर दोघं कितीतरी वेळ खुर्च्यांवर शेजारी बसून राहिले. बोलत नव्हते. एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला मोठ्याने बोलायचं नव्हतं.

हात आता शंभर माणसांनी बघितला होता, त्यामुळे लपवायचं काही उरलं नाही. काकूंनी तो आठवडा संपायच्या आत सरांना हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन खरंच बारीकसंच होतं. सर शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो डॉक्टरांचं पूर्ण नाव काय, आणि काकू नर्सला म्हणाल्या, "सांगू नको. सवय आसा त्यांका."

पुढे कॉलनी पाडायला घेतली, तेव्हा ही दोघं काकूंच्या गावी राहायला गेली. नवीन इमारत होईपर्यंत म्हणून गेली होती, पण काकूंनी तिथे मिरच्या लावल्यात, म्हणजे येतील असं वाटत नाही. मी आता बऱ्यापैकी वाजवतो. मुलगी सुट्टीत आली की गिटार मागते आणि मी तिला आधी नखं दाखवायला सांगतो.

मागच्या रविवारी सरांचा व्हिडिओ कॉल आला. मला फक्त कौलं आणि एक पंखा दिसत होता.

"ऐक," सर म्हणाले. "डॉक्टरांनी रबराचा चेंडू दाबायला दिलाय. मी तो शेजाऱ्याच्या कुत्र्याला दिला. हा व्यायाम जास्त चांगला."

मग त्यांनी कॉर्ड छेडली. एफ मेजर. मी कान देऊन ऐकलं. इतक्या वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या दोन हातांतून निघालेली. थोडी फरफटत, पण होती.

"काय?" त्यांनी विचारलं. "कशी वाटली?"

खोटं बोलायची सोय नव्हती. मी म्हटलं, "सर, सहातल्या दोन तारा बंद आहेत. पहिलं बोट वाकतंय."

पंखा फिरत होता. मग लांबून, बहुतेक मिरच्यांमधून, काकूंचा आवाज आला.

"म्हंजे चार वाजतत मा? मग झाला. परत मारा."